काजू कारखान्यात २२ जण: पीएफ (भविष्य निर्वाह निधी) लागतो का?

प्रश्न (डिचोली): कायम १७ जण. हंगामात ठेकेदारामार्फत पाच बायका सोलणीला येतात. त्याही मोजायच्या? हातात पगार कमी पडला तर दुसऱ्या दिवशी साखळी गावात दुसरीकडे कामाला जातील, ही खरी धास्ती.

म्हापशाचा बेकरीवाला: मोजायच्याच. २० झाले की लागू. पुढे आकडा उतरला तरी सुटका नाही.

फोंड्याची अकाउंटंट: दादा, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १२ टक्के त्यांचे, १२ तुमचे, तुमच्यातले ८.३३ पेन्शनला. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेआत भरायचे. तुमचा हिस्सा त्यांच्या पगारातून कापू नका, कायद्याला चालत नाही. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख आत्ताच तपासा, खोळंबा तिथेच होतो.

डिचोली: एकीच्या आधारवर नुसतं सालच आहे! सोमवारी तिला आधार केंद्रात घेऊन जातो.