मदत हवी आहे: स्कॉटलंडमधलं 'बर्नसाइड' नावाचं घर शोधायचं कसं?

नाशिककर_ओंटारियो
नमस्कार मंडळी, घाई आहे म्हणून थेट विचारते. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या, त्यांचे आजोबा स्कॉटलंडहून कॅनडात आले. घरात एक जुना फोटो आहे, दगडी दुमजली घर, दारात सात-आठ माणसं उभी, आणि मागे पेन्सिलीने 'बर्नसाइड' एवढंच लिहिलंय. आम्ही जूनची तिकिटं काढलीत, सासूबाईंना एकदा त्या दारात उभं राहायचंय. मी तीन रविवार घालवले, नकाशात बर्नसाइड टाकलं की सगळ्या स्कॉटलंडभर टाचण्या उगवतात. पैसे भरून एका साइटवर लोकांनी केलेल्या वंशावळी बघितल्या तर त्यातल्या एकीत आजोबांचे वडील त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. कुणी नावावरून घर शोधलंय का? घराण्याची जुनी हवेली असावी असं वाटतं. प्लीज लवकर सांगा.

घाटावरचा
आडनाव काय? कुठला जिल्हा? साल कुठलं? काहीच दिलं नाहीत ताई.

प्राजक्त_
बर्न म्हणजे जळणं ना? कदाचित आधीचं घर जळालं असेल आणि त्या बाजूला नवीन बांधलं असेल. जुन्या आगींच्या बातम्या शोधून बघा.

जुनेकागद
नाही हो प्राजक्त, स्कॉट्स भाषेत 'बर्न' म्हणजे ओढा. बर्नसाइड म्हणजे ओढ्याकाठ. म्हणून तर इतकी आहेत, जिथे ओढा तिथे एक बर्नसाइड, एक बर्नहेड, एक बर्नफूट. आपल्याकडे कुणी नुसतं 'वडगाव' सांगितलं तर आपण काय विचारू? वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक की वडगाव मावळ? तसंच हे. नाव एकटं उपयोगाचं नाही, पॅरिश हवं. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावगाडा समजा, तिकडचे सगळे जुने कागद पॅरिशवार लावलेत.

मावळतीचा_सूर्य
एवढी डोकेफोड कशाला. सासूबाईंची डीएनए टेस्ट करा, लाळ पाठवायची, दीड-दोन महिन्यांत नातेवाईक समोर. माझ्या मुलीच्या सासरी असंच केलं, आयर्लंडमधले चुलत भाऊ सापडले, आता दर नाताळला कार्ड येतं.

जुनेकागद
डीएनए माणसं जुळवतं, घर नाही काका. आणि त्यांना जूनमध्ये जायचंय.

मावळतीचा_सूर्य
माणसं सापडली की घर तीच सांगतात. मी अनुभवाचं बोलतोय, तुम्ही आधी करून बघा मग बोला.

नाशिककर_ओंटारियो
आडनाव मिल्न, सासूबाईंचं माहेरचं. जिल्हा माहीत असता तर विचारलंच नसतं ना. आजोबा साधारण १८५५ चे, घरच्या बायबलमध्ये जन्माची नोंद आहे, त्यात गाव नाही.

अबोली२
मिल्न म्हणजे कुठला क्लॅन, म्हणजे कुठली घराण्यांची शाखा? क्लॅनचं टार्टन म्हणजे त्यांचं चौकटींचं कापड कळलं की त्यांचा भाग कळतो, आणि सासूबाईंना शाल पण घेता येईल. एडिनबराला रॉयल माईलवर ओळीने दुकानं आहेत, आडनाव सांगितलं की कापड काढून देतात.

ऑफशोअर_पुणेकर
मी ऍबर्डीनला अकरा वर्षं आहे. अबोली, दुकानातलं कापड आडनावावरून देतात ते खरं, पण त्यावरून गाव कळत नाही. मिल्न हे गिरणीवरून पडलेलं आडनाव, म्हणजे पीठगिरणीवाले, आणि ईशान्येकडे ऍबर्डीनशर, अँगस भागात हे आडनाव पावलोपावली. स्पेलिंग पण धड एक नाही, शेवटी ई असतो, नसतो, मधे एल एक की दोन, कधी नुसतं मिल. शोधताना सगळे प्रकार टाका नाहीतर माणूस समोर असून दिसणार नाही. आणि ताई, फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव छापलेलं असतं, खाली किंवा मागे. बघितलंत का?

नाशिककर_ओंटारियो
अहो हो, खाली सोनेरी अक्षरात फोटोग्राफरचं नाव आणि पीटरहेड लिहिलंय. मला वाटलं ते फोटोग्राफरचं गाव, त्याचा काय संबंध.

ऑफशोअर_पुणेकर
हेच तर हवं होतं! पीटरहेड म्हणजे ऍबर्डीनच्या उत्तरेला, बकन म्हणतात त्या भागाला. सगळी शेती आणि कोळीवाडे. फोटोग्राफर घोडागाडीत कॅमेरा टाकून किती लांब जाणार? आता स्कॉटलंडभराचे बर्नसाइड सोडा, दहा-बारा पॅरिशमधले बघा.

जुनेकागद
थांबा, सगळ्यात मोठी गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली नाही. ताई, जन्म "साधारण १८५५" की नक्की १८५५? बायबलमधली तारीख जशीच्या तशी द्या.

नाशिककर_ओंटारियो
ऑक्टोबर १८५५. अक्षर स्वच्छ आहे. एवढं काय त्यात?

जुनेकागद
ताई तुमचं नशीब. स्कॉटलंडमध्ये सरकारी जन्ममृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्या पहिल्या वर्षी इतकं काही विचारलं की रजिस्ट्रार थकले आणि पुढच्या वर्षी रकाने कमी केले. १८५५ च्या जन्मदाखल्यात आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, दोघांची वयं, दोघांचा जन्म कुठला, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती, त्यातली हयात किती, सगळं एका ओळीत. १८५६ चा दाखला असता तर यातलं निम्मं नसतं. स्कॉटलंड्सपीपल ही सरकारी साइट आहे, खातं काढायला पैसे नाहीत, यादीत शोधायलाही नाहीत, फक्त कागदाचं चित्र उघडायला ६ क्रेडिट म्हणजे दीड पौंड. त्या वंशावळीवाल्या साइटचे पैसे बंद करा.

घाटावरचा
सहमत. आणि इंग्लंडवाल्यांना हेवा वाटावा अशी अजून एक गोष्ट, स्कॉटिश मृत्यूच्या दाखल्यात मेलेल्याच्या आईबापांची नावं असतात, आईच्या माहेरच्या नावासकट. बाईचं माहेरचं नाव तिकडे कागदावर कधी पुसत नाहीत, थडग्यावरही तेच कोरतात. एका दाखल्यावरून एक पिढी मागे.

श्री_इतिहासप्रेमी
हे सगळं लहान कागद झाले. हवेली आहे म्हणता तर सॅसीन बघा, म्हणजे जमिनीच्या खरेदी-विक्रीची नोंदवही, १६१७ पासून अखंड आहे, आपल्याकडे पेशवे दप्तराला हात लावायला जन्म जातो आणि तिकडे एडिनबराला शेतकऱ्याचा सातबारा चारशे वर्षांचा मिळतो. तसंही साताऱ्यात रेसिडेंट म्हणजे इंग्रजांचा प्रतिनिधी असलेला आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ याच ईशान्य भागातला, बॅन्फचा. मुंबईचा गव्हर्नर माल्कम, ज्याच्या नावावरून महाबळेश्वरला माल्कमपेठ म्हणायचे, तो तर बर्नफूट नावाच्याच घरात जन्मला, लँगहोमजवळ. बर्नसाइड-बर्नफूट, काहीतरी संबंध असू शकतो.

जुनेकागद
संबंध ओढ्याचा, बाकी नाही. लँगहोम दक्षिण टोकाला, इंग्लंडच्या हद्दीजवळ. आणि सॅसीनमध्ये मालकाचं नाव असतं. तिकडे जमीन थोड्या लेअर्डांची म्हणजे जमीनदारांची, बाकी सगळे कुळं आणि गडी. ताई, बायबलमध्ये बर्नसाइडचा उल्लेख कुठे आहे का? असेल तर त्याच्या आधीचा शब्द बघा. 'ऑफ बर्नसाइड' म्हणजे मालक, 'इन बर्नसाइड' म्हणजे कूळ, 'ऍट बर्नसाइड' म्हणजे नुसता राहणारा. जुन्या कागदात हे एका शब्दाचं अंतर फार मोठं असतं.

श्री_इतिहासप्रेमी
कूळ आहे हे तुम्ही आधीच ठरवलंत. दुमजली दगडी घर कुळाचं कसं असेल?

ऑफशोअर_पुणेकर
असतं की. इकडे मोठ्या शेताचं कूळ पण दुमजली फार्महाउसमध्ये राहायचं, शंभर-दोनशे एकर खंडाने करायचं. माणसाला हाकसुद्धा शेताच्या नावाने मारायचे, "बर्नसाइड आला" म्हणजे बर्नसाइडचा शेतकरी आला. म्हणून फोटोच्या मागचं नाव घराचं की माणसाचं हेही बघावं लागेल.

केतकीचं_बन
ताई, तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर यूकेचा व्हिसा आत्ताच करा, कॅनडाच्या पीआरवर म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर जाता येत नाही. बायोमेट्रिकच्या अपॉइंटमेंटला वेळ लागतो.

नाशिककर_ओंटारियो
कॅनडाचा आहे पासपोर्ट, धन्यवाद.

मावळतीचा_सूर्य
आपल्याकडे हे किती सोपं होतं. त्र्यंबकेश्वरला जा, गाव आणि आडनाव सांगा, उपाध्ये वही काढतात, पणजोबांची सही दाखवतात. मी माझ्या आजोबांची मोडीतली सही बघितली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. नाशिककर ताईंना तर माहीतच असेल.

नाशिककर_ओंटारियो
माहीत आहे काका, माझ्या माहेरची वही मी लग्नाआधी बघितलीय. त्यामुळेच सासूबाईंचं मनावर घेतलंय, त्यांच्याकडे फोटोशिवाय काही नाही.

रात्री दाखला काढला. जुनेकागद, तुम्ही म्हणालात तसं अगदी सगळं आहे! जन्म बर्नसाइडलाच, पॅरिश बकनमधलंच. पॅरिशचं नाव इथे उघड लिहीत नाही, त्या घरात आता दुसरं कुटुंब राहत असणार. वडील २९, आई २६, लग्न १८५० चं, आधीची दोन मुलं हयात, एक गेलेलं. वडिलांचा धंदा 'फार्म सर्व्हंट'. सहीच्या जागी फुली आहे. मी ती फुली किती वेळ बघत बसले. सासूबाईंना आजपर्यंत सांगितलं गेलं होतं की आजोबांची मोठी जमीन होती.

घाटावरचा
म्हणजे शेतावरचा गडी. आता १८६१ ची जनगणना काढा.

ऑफशोअर_पुणेकर
हो आणि लगेच काढा, कारण इथले गडी एका जागी टिकत नसत. मे आणि नोव्हेंबरला करार संपायचे, बिनलग्नाचे सहा महिन्यांनी शेत बदलायचे, लग्न झालेले वर्षाच्या बोलीवर, त्यांना शेतावरचीच कॉटर हाउस म्हणजे गड्याची झोपडी मिळायची, नोकरी गेली की घर गेलं. १८५५ ला बर्नसाइड आणि १८६१ ला चार मैलांवर दुसरीकडे असं नेहमी होतं. जनगणनेत एक रकाना नीट वाचा, १८६१ पासून स्कॉटलंडमध्ये घरात खिडकी असलेल्या खोल्या किती ते मोजलंय.

जुनेकागद
सोबत ऑर्डनन्स सर्व्हे म्हणजे सरकारी नकाशा खात्याची नेम बुक्स, म्हणजे जागांच्या नावांच्या वह्या, ऑनलाइन शोधून वाचा. ऍबर्डीनशरची १८६५ ते १८७१ मधली. नकाशा काढताना सर्व्हेवाल्यांनी प्रत्येक नावाचं स्पेलिंग गावातल्या दोन-तीन माणसांना विचारून लिहिलंय आणि खाली घराचं वर्णन, किती मजली, कौलारू की गवताचं छप्पर, मालक कोण. नावावरून घर शोधायचं तर यापेक्षा चांगलं काही नाही. मग नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर सहा इंची (मैलाला सहा इंच) जुना नकाशा आणि आजचा सॅटेलाइट शेजारी शेजारी लावून बघा.

नाशिककर_ओंटारियो
बघितलं सगळं, तीन दिवस लागले. १८६१ ला ते अजून बर्नसाइडलाच होते, पण पत्ता 'कॉटर हाउस, बर्नसाइड'. माणसं सात. खिडकी असलेल्या खोल्या: एक. फोटोतल्या घराला पुढच्याच बाजूला पाच खिडक्या आहेत, म्हणजे ते मालकाचं किंवा कुळाचं घर आणि आमचे लोक शेतावरचे. जुन्या नकाशात मोठ्या घराच्या मागे ओढ्याच्या काठाला एक छोटा चौकोन आहे, आज सॅटेलाइटमध्ये तिथे झाडं दिसतात. मोठं घर अजून उभं आहे.

ऑफशोअर_पुणेकर
फोटोचं कोडं पण सुटलं मग. शेतावरच्या सगळ्या गड्यांना दारात उभं करून असे फोटो काढायचे, त्यातला एक तुमचा असणार.

अबोली२
सासूबाईंना सांगितलंत का? वाईट वाटलं असेल.

नाशिककर_ओंटारियो
सांगितलं. आधी गप्प बसल्या. मग भिंग मागितलं आणि फोटोत अगदी कडेला, घोड्याचा लगाम धरून उभा असलेला पोरगा दाखवून म्हणाल्या, हे कान माझ्या वडिलांचे. आता त्यांना मोठ्या घराचं दार नको, ओढ्याकाठची ती झाडं बघायचीत. तिथे जाऊ देतील का? खाजगी शेत आहे.

घाटावरचा
२००३ च्या लँड रिफॉर्म कायद्याने स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीतून जबाबदारीने चालायचा हक्क आहे. फक्त घराचं अंगण आणि उभं पीक सोडून. तुमची झाडं घराच्या अगदी मागे असली तर विचारूनच जा.

ऑफशोअर_पुणेकर
आधी पत्र टाका, हाताने लिहिलेलं, फोटोची प्रत जोडून. इकडचे शेतकरी अशा पत्राला उत्तर देतात, मी दोन मित्रांसाठी लिहिलंय, दोन्ही वेळा चहाला बोलावलं. आणि किंग स्ट्रीटवर ऍबर्डीन अँड नॉर्थ-ईस्ट स्कॉटलंड फॅमिली हिस्टरी सोसायटी आहे, त्यांनी इकडच्या कब्रस्तानांतले दगड वाचून पुस्तिका काढल्यात. गड्यांना बहुतेक वेळा दगड परवडायचा नाही, तरी बघा.

मावळतीचा_सूर्य
आणि डीएनए?

नाशिककर_ओंटारियो
काका, करते, खरंच करते, आजोबांच्या पाच भावंडांचं पुढे काय झालं ते कळेल. पत्र आज रात्री लिहायला घेतलंय. जुनेकागद, एक शेवटचं, दाखल्यात वडिलांच्या जन्माचं पॅरिश दिलंय, साल १८२६ च्या आसपास येतं, त्या काळच्या चर्चच्या वह्यांत मिल्न नावाचे चार जण सापडतात, त्यातला आमचा कुठला हे कसं ठरवू?

जुनेकागद
मुलांची नावं क्रमाने द्या. तिकडे पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, अशी रीत होती, काटेकोर पाळायचेच असं नाही. आणि ते गेलेलं मूल कितवं होतं तेही सांगा.