कानातला बिल्ला आधी वाचा
हरवलेलं जनावर मालकापर्यंत कसं पोचवायचं, यावर बरेच जण सांगतात की हरवलेल्या कुत्र्याचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की काम होतं. खरं आहे. पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत हरवते ती बहुतेक वेळा गाय, गोऱ्हा नाहीतर बकरी, आणि फोटोत सगळ्या तांबड्या गाई सारख्याच दिसतात. म्हणून सापडलेल्या जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला आधी पाहा. शेणाचिखलानं माखलेला असतो, ओल्या फडक्यानं पुसला की १२ अंकी नंबर दिसतो. तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. ‘भारत पशुधन’ या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतून मालकाचं नाव-गाव निघू शकतं. बिल्ला तुटला असेल तर आजूबाजूच्या गावांतल्या गुराख्यांना गाठा. नुसत्या शिंगांच्या वळणावरून ढोर कोणाचं ते सांगतात, ही माणसं फार मोलाची आहेत! आणि ज्यांचं हरवलंय त्यांनी कोंडवाड्यात लवकर चौकशी करा, तिथं चारापाण्याचा खर्च रोज चढतो.

कुत्र्याबद्दल एवढंच, की सापडलेल्याचा फोटो टाकताना एखादी खूण मुद्दाम झाकून ठेवा आणि न्यायला येईल त्याला तीच विचारा. जातिवंत पिल्लू दिसलं की खोटा हक्क सांगणारेही येतात.