बांबर्डेची रानजायफळाची राई : जानेवारीत जातोय, काय सांभाळावं?

सड्यावरचा
जानेवारीअखेर रत्नागिरीहून आम्ही दहाजण, त्यात दोन शाळकरी मुलं, दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची राई बघायला जाणार आहोत. उतरायचं कुठे, विचारायचं कोणाला, आणि बूट चालतात का?

राईकर
गोव्यातल्या थिवी स्टेशनला उतरा. सावंतवाडीपेक्षा दोडामार्ग तिथून जवळ. कोकणकन्या पहाटे रत्नागिरीला येते, सकाळी थिवीला सोडते. पुढची गाडी आधीच ठरवा, एसटीच्या भरवशावर राहिलात तर परतीची पंचाईत.

राई जेमतेम २.५९ हेक्टर. कागदोपत्री जैवविविधता वारसा स्थळ, गावाला मात्र ती आधी देवाची. ग्रामपंचायतीत कळवा, मानकऱ्यांना विचारा, गावचा माणूस सोबत घ्या. दहाजण एकदम आत नकोत, पाच-पाच जा. कारण मुळं. राई पाणथळ आहे, चिखलात हवा नसते, म्हणून रानजायफळाची मुळं बुंध्यावरून फुटून कमानीसारखी खाली उतरतात. अशा राईतल्या काही झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. त्यांवर पाय पडला की साल सोलते आणि तिथून कूज शिरते. फोटोसाठी कमानीवर मुलं बसवणं तर अजिबात नको. वाहत्या पाण्यात साबण, हात धुणंही नको.

तिलारीकाठ
वरच्या उत्तरात गोचीड राहिली, आणि जानेवारीत तीच मुख्य काळजी. दोडामार्ग-बांदा पट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचे, रुग्ण सापडले आहेत. गोचिडीची पिल्लं तिळाएवढी असतात, चटकन दिसत नाहीत; उन्हाळ्यापर्यंत पाचोळ्यात त्यांचा सुळसुळाट. फिक्या रंगाची फुल पँट घाला, खालची टोकं मोज्यात खोचलेली. पाचोळ्यावर बसू नका, डबा गाडीपाशी खा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात, काखा-जांघा-कानामागे तपासा. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, नखाने चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा. पुढच्या आठ-दहा दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना 'दोडामार्गच्या रानात गेलो होतो' हे आधी सांगा.

तालुक्यात हत्तींचा वावर आहे. निघण्याआधी वनरक्षकांना विचारा.

सड्यावरचा
म्हणजे बूट घालूनच? देवाच्या राईत चपला काढतात ना?

राईकर
गाव म्हणेल तिथे काढायच्याच, त्यात तडजोड नाही. ज्यांना अनवाणी नको वाटतं त्यांनी हद्दीबाहेरूनच बघावं. मुलांना तरी मी आत नेणार नाही. फळ, बी, वाळकी काटकीही उचलू नका. रानजायफळाचं बी सुकलं की उगवत नाही, घरी नेऊन फुकटच जातं.

तिलारीकाठ
जळवा पावसातल्या, तुम्हाला ओलीच्या कडेला एखादी भेटेल. मिठाची पुरचुंडी नको, पाण्यातल्या बेडकांना मीठ सोसत नाही. नखाने बाजूला सरकवा. रक्त बराच वेळ वाहील, दाबून धरा.