कार्बन फायबरचा सर्फबोर्ड: एवढे पैसे घालावेत का?

नमस्कार मंडळी,

मी ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राहतो. बरीच वर्षं सर्फिंग करतोय, पण स्पर्धा वगैरेंच्या वाटेला कधी गेलो नाही. इथल्या करंबिनच्या किनाऱ्यावर छातीएवढी लाट मिळाली की मी खूश. वय पन्नाशीकडे झुकलेलं, वजन ऐंशी किलोच्या आसपास.

सध्याचा बोर्ड नेहमीचाच. आत पॉलियुरेथेनचा फोम, मधोमध लांबीभर लाकडाची पट्टी म्हणजे स्ट्रिंगर, वरून फायबरग्लास आणि पॉलिएस्टर रेझिन. मागचा पाय रोवतो तिथे डेकवर (बोर्डाच्या वरच्या बाजूला) टाचेचे खड्डे पडलेत. त्यातल्या एका खड्ड्याच्या कडेला बारीक चीर गेलीय आणि आतला फोम पिवळा पडत चाललाय. म्हणजे नवा घ्यायचा हे नक्की, प्रश्न फक्त कोणता घ्यायचा हा आहे.

दुकानात दोन पर्याय दाखवले. पहिला हेडनशेप्स कंपनीच्या फ्यूचरफ्लेक्स बोर्डासारखा: ईपीएस (थर्माकोलसारखा हलका) फोम, इपॉक्सी रेझिन, स्ट्रिंगर नाही, त्याऐवजी दोन्ही कडांनी कार्बनची पट्टी. दुसरा अख्खा कार्बनच्या कापडात गुंडाळून व्हॅक्यूमखाली घट्ट बसवलेला. हा दुसरा मला साध्या बोर्डाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला पडतोय. हातात घेतला तेव्हा त्याचं वजन खरोखर जाणवलं नाही. डेकवर अंगठा जोरात दाबला तरी तो जराही दबला नाही.

पण मला शंका आहे ती नेमकी इथेच. कार्बन फायबरग्लासमधल्या काचतंतूच्या साधारण तिप्पट ताठर असतो, पण तुटण्याआधी काचेइतका ताणला जात नाही. वळण घेताना बोर्ड थोडा वाकून परत उसळतो, मला सर्फिंगमधली खरी मजा तिथेच येते. अख्खा कार्बन घेतला तर तीच जाणार नाही ना? शिवाय इतका हलका बोर्ड वाऱ्याने खवळलेल्या पाण्यावर थडथडतो असं ऐकलंय. आमच्याकडे दुपारी वारा फिरला की पाणी तसंच असतं.

दुसरी काळजी उन्हाची. काळा बोर्ड जानेवारीत गाडीत राहिला, तर ईपीएसमधली हवा फुगून वरचा थर सुटू शकतो. काही बोर्डांना त्यासाठी हवा सोडायचा व्हेंट ठेवतात, तो रोजच्या वापरात पुरतो का? शिवाय ईपीएसला भोक पडलं की पाणी आत मुरतं, आणि पॉलिएस्टर रेझिनने तो फोम विरघळतो, म्हणून दुरुस्ती इपॉक्सीनेच करावी लागते. घरी डिंग (बोर्डावरची भोकं, खड्डे) भरणाऱ्याला कार्बन जमतो का, की दर वेळी कारागिराकडेच न्यावा लागतो?

माझा कल कडेला पट्टी असलेल्या बोर्डाकडे आहे. पूर्ण कार्बनचा फायदा मुख्यतः खूप वेगात, मोठ्या लाटांवर दिसत असेल असं वाटतं. पण तो खरंच तीन-चार हंगाम खड्ड्यांशिवाय टिकत असेल, तर दुप्पट पैसे द्यायलाही माझी तयारी आहे. जाहिराती भरपूर वाचून झाल्या, मला वापरणाऱ्यांचं मत हवंय. त्यातही माझ्या वजनाचं, मध्यम लाटांवर जाणारं कुणी असेल तर फारच बरं.

अजून एक. पूर्ण कार्बनचाच एक वापरलेला बोर्ड इथे बऱ्याच कमी किमतीत विकायला आलाय, शनिवारी बघायला जाणार आहे. काळ्या रंगावर चिरा पटकन दिसत नाहीत, म्हणून वजनकाटा सोबत नेऊन मूळ वजनाशी ताडून बघेन, पाणी मुरलं असेल तर कळेल. तळहाताने दाबून थर सुटलाय का तेही बघणार आहे. फिनच्या (खालच्या पंखांच्या) खाचांपाशी आणि लीशच्या (पायाला बांधायच्या दोरीच्या) प्लगभोवती आणखी काय तपासू?