काउन्सिलने घरी शिकणाऱ्या मुलांची चौकशी जरूर करावी, पण बंद केलेली बालकेंद्रं आधी उघडावीत

शरयू_एमके

गेल्या आठवड्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरत होतं: "होमस्कूलिंग करताय? आता काउन्सिलची माणसं घरात घुसणार आणि मुलाला एकटं बसवून उलटतपासणी घेणार." त्यावर रण माजलं आणि ॲडमिनने चर्चाच बंद केली. म्हणून इथे सविस्तर लिहिते. बोलतेय ते इंग्लंडपुरतं; काउन्सिल म्हणजे इथली स्थानिक पालिका. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे आहेत.

१९९६ च्या एज्युकेशन ॲक्टच्या कलम ७ प्रमाणे मुलाला वय, कुवत आणि कल बघून साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळतंय ना, हे पाहणं पालकांचं कर्तव्य आहे. ते शाळेतच मिळालं पाहिजे असं नाही. मुलाचं नाव शाळेतून काढलं तर शाळा काउन्सिलला कळवते. पण मूल मुळात शाळेत घातलंच नसेल तर कुणाला कळवायचं बंधन या कायद्याने घातलं नव्हतं. २०२४ च्या शरद ऋतूत १,११,७०० मुलं घरी शिकत होती, आदल्या वर्षी ९२,०००. हे आकडे शिक्षण खात्याच्या अंदाजाचे. पक्की यादी कुणाकडेच नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये संसदेत आलेल्या 'चिल्ड्रन्स वेलबीइंग अँड स्कूल्स' विधेयकात ही यादी आली. प्रत्येक काउन्सिलने शाळेत नसलेल्या मुलांचं रजिस्टर ठेवायचं. ज्या मुलाची संरक्षण-चौकशी (त्याला इजेचा धोका आहे का याची काउन्सिलची चौकशी) चालू आहे त्याला शाळेतून काढायला काउन्सिलची परवानगी लागणार. जबरदस्तीने घरात शिरायचा अधिकार त्यात नाही. घर बघू द्या अशी विनंती काउन्सिल करू शकते. तुम्ही नकार दिलात तर निर्णय घेताना तो जमेस धरला जातो. मुलाशी एकट्याने बोलायची सूचना घरशिक्षणावर सरकारने मागवलेल्या २००९ च्या बॅडमन अहवालातली आहे. त्यानंतर आलेल्या विधेयकातली घरशिक्षणाची कलमं २०१० च्या निवडणुकीआधीच सोडून द्यावी लागली होती.

मी रजिस्टरच्या बाजूने आहे. वोकिंगच्या दहा वर्षांच्या सारा शरीफचं प्रकरण इथल्या सगळ्यांना आठवत असेल. एप्रिल २०२३ मध्ये "घरी शिकवतो" म्हणून तिला शाळेतून काढलं आणि ऑगस्टमध्ये घरातच तिचा खून झाला. बापाला आणि सावत्र आईला जन्मठेप झाली. मूल कुठे आहे आणि कसं आहे हे समाजाला माहीत असायलाच हवं, यावर माझी तडजोड नाही.

पण माझा मुद्दा त्याच्या आधीच्या वर्षांचा आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दारात काउन्सिल पहिल्यांदा उभी राहते ती संशय घेऊन. त्याच काउन्सिलकडे ते मूल सहा महिन्यांचं असताना जाऊन बसायला जागा होती का? १९९८ मध्ये लहान मुलं आणि त्यांच्या पालकांसाठीच्या 'शुअर स्टार्ट' या सरकारी योजनेची घोषणा झाली आणि २०१० पर्यंत सुमारे ३,६०० बालकेंद्रं उभी राहिली. २०११ मध्ये त्यासाठीच राखून ठेवलेल्या निधीचं बंधन काढलं आणि काउन्सिलांनी कात्री तिथेच लावली. हजारापर्यंत केंद्रं बंद पडली असावीत, असं सटन ट्रस्टच्या २०१८ च्या अहवालात आहे. आणि ही केंद्रं काही नुसता विरंगुळा नव्हती. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजने २०२४ मध्ये दाखवून दिलं की शाळेत मोफत जेवण मिळणाऱ्या गटातली जी मुलं पहिली पाच वर्षं अशा केंद्राजवळ वाढली, त्यांना जीसीएसईत, म्हणजे सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत, तीन ग्रेडचा फायदा झाला.

आम्ही इथे आलो तेव्हा मुलगी तान्ही होती, नवरा दिवसभर ऑफिसात, जानेवारीचा अंधार. मंगळवारी केंद्रात 'स्टे अँड प्ले' असायचं. गालिच्यावर बाळं लोळायची, कोपऱ्यात वजनकाटा असायचा. तिथली कार्यकर्ती बाळाच्या आरोग्य-नोंदींच्या लाल पुस्तकातल्या आलेखावर वजनाचा ठिपका मांडता मांडता विचारायची, "तू आज काय खाल्लंस?" मी त्या प्रश्नाला रडले होते. तिने तिथल्या तिथे मला जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवून दिली. उद्या तीच बाई "मुलीचा अभ्यास कसा चाललाय" विचारायला घरी आली असती तर मी चहा टाकला असता. ते केंद्र आता नाही.

विचारण्याचा अधिकार काउन्सिलला कायद्याने मिळेल. पण खरं उत्तर मिळायला आधी काहीतरी दिलेलं असावं लागतं.

लेस्टरकर काका

शरयूताई, कळकळ पोचली. पण "आधी केंद्रं उघडा" या अटीत फार वेळ जाईल, आणि तेवढा वेळ काही मुलांकडे नसतो. मी इथल्या प्राथमिक शाळांत अनेक वर्षं शिकवलं. शाळेत मुलाला रोज पाच-सहा मोठी माणसं बघतात. डिनर लेडीला कळतं की हा दुसऱ्याच्या ताटातलं उचलतोय. पीईला कपडे बदलताना वळ दिसतो. मुलाचं नाव शाळेतून काढलं की हे सगळे डोळे एका दिवसात मिटतात. बर्मिंगहॅममधली सात वर्षांची खायरा इशाक डिसेंबर २००७ मध्ये शाळेतून काढली गेली आणि मे २००८ मध्ये उपासमारीने गेली. त्यानंतर इतकी वर्षं आपण रजिस्टर करावं की नाही यावरच वाद घालतोय. २०२२ च्या विधेयकातही ते होतं, तेही बारगळलं. माझं मत विचाराल तर रजिस्टरही अपुरं आहे. वर्षातून एकदा तरी मुलाला प्रत्यक्ष बघितलंच पाहिजे, मग पालक हो म्हणोत की नाही. पालकांच्या हक्कावर सगळे बोलतात. मुलाच्या बाजूने बोलणारं घरात कुणी नसेल तर?

रीडिंगची आई

काका, तुमच्या दोन्ही उदाहरणांत मुलं काउन्सिलला माहीत होती. खायराच्या शाळेने वारंवार चिंता कळवली होती आणि सोशल वर्कर दारापर्यंत जाऊन आले होते. सारा तर जन्मापासून सोशल सर्व्हिसेसच्या नोंदीत होती. मार्च २०२३ मध्ये शाळेने तिच्या चेहऱ्यावरचे वळ बघून कळवलं आणि सहा दिवसांत प्रकरण बंद झालं. एप्रिलमध्ये कुठलीच संरक्षण-चौकशी चालू नव्हती, म्हणजे नव्या विधेयकातलं परवानगीचं कलमही तिला लागू झालं नसतं. आणि होम-एज्युकेशनच्या माणसाने भेट द्यायची ठरवली ती जुन्या पत्त्यावर, हे नंतरच्या चौकशी अहवालातच आहे. यादी नव्हती म्हणून नाही, हातातली माहिती कुणी जोडली नाही म्हणून ती पोर गेली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

आता माझं सांगते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. रिसेप्शनपासून, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्षापासून, रोज दुपारी शाळेचा फोन: "आज घेऊन जा." त्याच्या गरजांच्या मदत-आराखड्यासाठी, ईएचसीपीसाठी, अर्ज केला. कायद्याने वीस आठवड्यांची मुदत आहे. २०२३ मध्ये देशभरात जेमतेम निम्मे आराखडे त्या मुदतीत निघाले. आमचा उरलेल्या निम्म्यांत. शेवटी हेडटीचरनीच सुचवलं की "घरी शिकवण्याचा विचार केलाय का?" याला इथे ऑफ-रोलिंग म्हणतात आणि ते बेकायदा आहे. पण पालक थकलेला असतो आणि सही करतो. मी हौसेने घरी शिकवत नाही, मला शाळेने घरी पाठवलंय.

आणि आता रजिस्टरमध्ये लिहायचं की आई किती तास शिकवते, बाबा किती तास शिकवतो, बाहेर कोण शिकवतं. काल त्याने थालीपिठाचं पीठ मापताना पाऊण कप म्हणजे किती पाव कप हे स्वतः शोधलं. मग तासभर टेबलाखाली बसून होता, कारण शेजारी ड्रिल चालू होतं. नंतर रात्री साडेनऊला शनीची कडी कशाची बनलीत यावर आम्ही खूप वेळ बोललो. हे किती तास लिहू? आराखडा द्यायला ज्यांना वेळ मिळाला नाही त्यांना माझे तास मोजायला वेळ मिळणार आहे.

सुहास_कोथरूड

बहीण स्विंडनला असते म्हणून हा विषय ऐकून आहे. आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे. सेविका बाळाचं वजन करते, वाढीच्या तक्त्यावर मांडते, लसीची तारीख सांगायला घरी येते. तिच्या वहीत गल्लीतलं प्रत्येक मूल असतं आणि कुणालाही ती पाळत वाटत नाही, कारण ती पूरक आहार देते, गरोदर बाईची विचारपूस करते. शरयूताईंचा मुद्दा मला यामुळे पटतो. फक्त एवढंच, की सेविकांवर इतक्या नोंदी लादल्यात की मुलांसाठीचा वेळ त्यात जातो. तिकडे रजिस्टर आलं की हीच गत होईल.

अनघा_एचव्ही

मी हेल्थ व्हिजिटर आहे, म्हणजे लहान बाळांच्या घरी भेटी देणारी नर्स; काउन्सिल आणि ट्रस्टची नावं देत नाही. आतली बाजू सांगते.

आमच्या पाच भेटी बंधनकारक आहेत: बाळंतपणाआधी, जन्मानंतर दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, सहा ते आठ आठवड्यांनी, नऊ ते बारा महिन्यांत आणि शेवटची मूल दोन ते अडीच वर्षांचं असताना. त्या शेवटच्या भेटीत ठोकळे एकावर एक रचतो का, दोन शब्द जोडून बोलतो का, हे बघतो. त्यानंतर शाळेपर्यंत काहीच नाही. मूल नर्सरीत गेलं नाही आणि पुढे शाळेतही घातलं नाही तर अडीच वर्षांनंतर त्याला ठरवून बघणारं कुणीही नसतं. रजिस्टरचा प्रश्न पाच वर्षांनंतरचा. ही मधली फट त्याआधीची, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

२०१५ च्या ऑक्टोबरात आमचं काम काउन्सिलांच्या हाती आलं. एका हेल्थ व्हिजिटरकडे फार तर २५० मुलं असावीत अशी आमच्या व्यावसायिक संस्थेची शिफारस आहे. माझ्याकडे कितीतरी जास्त आहेत. बऱ्याच ठिकाणी अडीच वर्षांची भेट हेल्थ व्हिजिटरऐवजी नर्सरी नर्स करते, नाहीतर फॉर्म भरून मागवतात. फॉर्मवर सगळी मुलं ठोकळे रचतात. समोर बसलं की कळतं की हे मूल आईकडे बघतच नाहीये.

काका, सक्तीची वार्षिक भेट म्हणताय, पण ती देणार कोण? ओळख नसलेल्या घरी वीस मिनिटांची भेट मीच दिली तर मलाही काही दिसणार नाही. घर आवरलेलं असेल, मूल शिकवून ठेवलेलं असेल.

लेस्टरकर काका

अनघाताई, वीस मिनिटांत काही दिसणार नाही हे मान्य करत नाही. उपाशी मूल दिसतं. खायराच्या वेळी कुणीतरी आत जाऊन नीट बघितलं असतं तर दिसलं असतं. माणसं कमी आहेत म्हणून बघणंच सोडायचं, हा सल्ला मला पटत नाही.

शरयू_एमके

काका, बघणं सोडा असं मी म्हणत नाही. संशयाला जागा असेल तिथे आत्ताच, याच कायद्याने, आत गेलं पाहिजे. साराच्या वेळी गेले नाहीत हा गुन्हाच आहे. पण लाखभर घरांत वर्षातून एकदा सक्तीने जायचं ठरवलं तर तीच थोडकी माणसं रीडिंगच्या ताईंच्या थालीपिठाचे तास मोजत बसतील आणि जुन्या पत्त्यावर जाऊन परत येतील.

ताई, तासांचा रकाना मलाही निरर्थक वाटतो. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालक कोण, बाहेरचं कुणी शिकवत असेल तर कोण, एवढं पुरे. याच विधेयकात पालकांनी मागितल्यास काउन्सिलने सल्ला आणि माहिती दिली पाहिजे असंही आहे. त्याचा अर्थ वेबसाइटचा दुवा पाठवणं एवढाच होऊ नये, यासाठी आपण भांडलं पाहिजे. २०२५ च्या जुलैमध्ये सरकारने 'बेस्ट स्टार्ट फॅमिली हब्ज' जाहीर केली: ५० कोटी पौंड, २०२८ पर्यंत हजारपर्यंत केंद्रं. ३,६०० केंद्रं बघितलेल्या देशाला हजार कमीच आहेत. तरी प्रत्येक हबमध्ये घरी शिकवणाऱ्या कुटुंबांसाठी आठवड्यातली एक सकाळ मागू या: स्पीच थेरपिस्ट, परीक्षेच्या केंद्राची माहिती आणि मुलांना एकमेकांशी खेळायला जागा. मूल तिथे आपोआप दिसेल, आणि आईही.

रीडिंगची आई

शरयूताई, इथेच माझा खरा विरोध आहे. ज्या कार्यकर्तीपाशी तुम्ही रडलात, तिचं टिपण उद्या रजिस्टर सांभाळणाऱ्या टेबलावर जाणार असेल तर तुम्ही रडाल का? मी माझ्या जीपीला झोपेचं औषध मागायला घाबरले होते, "आई खचलीये, मुलाला शाळेत घाला" असं कुणी लिहील म्हणून. सेवा आणि देखरेख एकाच छताखाली आणलीत तर ज्या आयांना सगळ्यात जास्त गरज आहे त्याच आधी यायच्या बंद होतील.

अनघा_एचव्ही

ही भीती मी रोज बघते. म्हणून पहिल्याच भेटीत सांगते: मुलाला इजा होण्याचा धोका दिसला तर मला पुढे कळवावंच लागेल आणि शक्य असेल तर आधी तुम्हाला सांगून कळवीन; बाकीचं, म्हणजे झोप, रडू, नवऱ्याशी भांडण, हे तुमच्या आरोग्याच्या नोंदीत राहील, शिक्षण विभागाकडे जाणार नाही. असं स्पष्ट सांगितलं की बहुतेक जणी बोलतात. हबमध्ये हाच नियम लेखी भिंतीवर लावायला हवा.

रीडिंगची आई

भिंतीवर लावून भागणार नाही, कायद्यात हवा. तो येईपर्यंत मी रजिस्टरमध्ये नाव-पत्ता देईन, तासांचा रकाना कोरा ठेवीन आणि का ठेवला ते काउन्सिलला लेखी कळवीन. ताई, तुमची ती आठवड्यातली सकाळ सुरू झाली तर मुलाला घेऊन येईन. ड्रिलचा आवाज नसलेली खोली असेल तेवढं बघा.