मदत हवी आहे: पाच सामन्यांत चार पद्धती, आमच्या बास्केटबॉल संघानं नक्की खेळायचं कसं?

मध्यरेषा

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

भुसावळला आमचा हौशी संघ आहे. १७ ते २३ वयाची पोरं, वहीत १२ नावं. मी पूर्वी पॉइंट गार्ड (बॉल वर आणून खेळ चालवणारा) खेळायचो, आता गुडघ्यानं हात टेकलेत म्हणून रेषेबाहेर उभा राहून ओरडतो. खरे प्रशिक्षक म्हणजे आमचे सर. रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, तरी पहाटे साडेपाचला माझ्या आधी मैदानावर. पैसे कोणी घेत नाही, कोणी देतही नाही.

दिवाळीनंतर सरांच्या पद्धतीनं सुरुवात केली. बचावाला २-३ झोन (पुढे दोघं, मागे तिघं, माणूस न धरता आपापली जागा राखायची), आक्रमणात बॉल सावकाश वर आणायचा, पाच-सहा पास करायचे आणि आमच्या उंच गड्याला रिंगजवळ द्यायचा. पहिला सामना ४१-५८ हरलो. पोरं कुरकुरली, "झोनमध्ये आपण नुसते उभे राहून बघतो." मग पूर्ण मैदानावर प्रेस (समोरच्यांना त्यांच्याच टोकापासून दाबायचं) आणि फास्ट ब्रेक (बॉल मिळाला की पळत सुटायचं) सुरू केला. जळगावच्या एका संघाला ५२-४९ हरवलं आणि तिथंच आमचा घात झाला. वाटलं, सापडली पद्धत! पुढच्या सामन्यात तेच खेळलो आणि ३८-६१. तिसऱ्या क्वार्टरला पोरं कमरेवर हात ठेवून उभी, समोरचे लेअपची, म्हणजे रिंगजवळच्या सोप्या शॉटची, प्रॅक्टिस करून गेले.

त्यानंतर मी मोबाइलवर बघून बघून शहाणा झालो. पाचही जण तीन पॉइंटच्या रेषेबाहेर, मधली जागा मोकळी, ड्रिबलनं आत घुसा, नाही जमलं तर बाहेर पास आणि शॉट. ४७-५५. गेल्या रविवारी तर कहर केला: पहिला हाफ सरांचा, दुसरा माझा. ४४-५७. टाइमआउटमध्ये सर एक सांगतायत, मी दुसरं. आमचा पॉइंट गार्ड शेवटी म्हणाला, "तुम्ही दोघं आधी ठरवून घ्या ना भो." मान खाली घालून ऐकून घेतलं.

सरांची बाजूही सांगतो. ते खेळायचे तेव्हा २० मिनिटांचे दोन हाफ असायचे, शॉट घ्यायला ३० सेकंद मिळायचे आणि त्यांच्या उमेदीच्या काळात तीन पॉइंटची रेषाच नव्हती. आंतरराष्ट्रीय नियमांत ती १९८४ मध्ये आली, ६.२५ मीटरवर, आणि २०१० मध्ये ६.७५ वर गेली. २४ सेकंद आणि दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर हे २००० चं प्रकरण. सरांना हे सगळे नियम पाठ आहेत, पण हात-पाय जुनं घड्याळ मानतात. आमच्या भागातल्या बऱ्याच सामन्यांत शॉट क्लॉक (हे २४ सेकंद मोजणारं घड्याळ) नसतंच, पंच मनातल्या मनात मोजतात, त्यामुळे सरांचं सावकाश खेळणं इथं चालूनही जातं.

आणि पोरांचं म्हणणं एकच, पळायचं. खानदेशात एप्रिलमध्ये! सकाळी आठनंतर सिमेंटचं कोर्ट बुटांच्या तळातून भाजतं. मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा तर सहाच्या आत पाय घालायचा आणि साडेसातला काढायचा. कोर्टवर मुरूम-धूळ असते, वळताना पाय सरकतो. उघड्यावरचा वारा लांबचा शॉट कुठं नेईल सांगता येत नाही. एका बाजूची रिंग किंचित पुढे झुकलीय, ती आमची "घरची" रिंग.

प्रश्न असा:
एकच पद्धत धरून बसावं का? बसावं तर कुठली? आणि पोरांना वाटतंय की आम्ही दोघं त्यांच्यावर प्रयोग करतोय, ते कसं मिटवायचं?

बारापैकी सात-आठच येतात, पण तो वेगळा विषय आहे.

पुणेरी_पिव्होट

मोठ्या मैदानावर पळायचं असेल तर बदली खेळाडू भरपूर हवेत. अमेरिकेत ग्रिनेल नावाचं छोटं कॉलेज आहे, त्यांनी हीच पद्धत केली. पूर्ण वेळ प्रेस, पटकन शॉट आणि दर मिनिट-दीड मिनिटाला पाचच्या पाच खेळाडू बदलायचे. २०१२ मध्ये त्यांच्या जॅक टेलरनं एका सामन्यात १३८ पॉइंट केले होते. १५ जण जमवा आणि बिनधास्त पळा.

मध्यरेषा

१५! अहो, आमच्या पहिल्या टोळीलाच वरणगावहून वेळेत बस मिळत नाही.

जुना_शिट्टीवाला

वीस वर्षं पंचगिरी केली, त्या अनुभवावर बोलतो. स्कोअर बघून पद्धत ठरवू नका, आधी मोजा. बेंचवर एका पोराला वही द्या. चार रकाने: शॉट किती घेतले आणि किती गेले, बॉल फुकट किती वेळा घालवला (टर्नओव्हर), रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट). डीन ऑलिव्हर या विश्लेषकानं हेच चार घटक महत्त्वाचे मानले, आणि त्यात शॉट पहिला, टर्नओव्हर दुसरा.

किती वेळा बॉल तुमच्या ताब्यात आला ते असं काढा: घेतलेले शॉट, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोची ०.४४ पट, वजा तुम्ही आक्रमणात घेतलेले रिबाउंड. अंदाजच आहे, पण चालतो. तुमच्या ४४ पॉइंटना त्यानं भागा आणि इथं टाका. मग बोलू.

एक बाजूला सांगतो. पंच २४ सेकंद मोजत नाहीत म्हणून ती सवय लावून घेऊ नका. विभागीय पातळीवर घड्याळ असलं की अशा संघांची चौथ्या पासाला बोबडी वळते, डोळ्यांनी पाहिलंय.

मध्यरेषा

दादा, काल रात्री गेल्या रविवारचा व्हिडिओ घेऊन बसलो. एका पोराच्या वडिलांनी मोबाइलवर काढलाय, त्यामुळे निम्मा वेळ त्यांचाच मुलगा दिसतो. तरी जमलं.

शॉट ५८, गेले १८, त्यात तीन पॉइंटचा एकच. फ्री थ्रो १२ पैकी ७. टर्नओव्हर २७. आक्रमणातले रिबाउंड ९. तुमच्या सूत्रानं साधारण ८१ वेळा बॉल हातात आला आणि ४४ पॉइंट झाले. म्हणजे दर तीन वेळांमागे एकदा बॉल नुसताच देऊन टाकला. मला वाटत होतं दहा-बारा टर्नओव्हर असतील.

२७ पैकी १६ बॉल आम्ही पळायला लागल्यावर पहिल्या पाच-सहा सेकंदांत गेले. त्यातले ११ दुसऱ्या हाफमध्ये.

जुना_शिट्टीवाला

दुसरा हाफ तुमच्या पद्धतीचा होता. म्हणजे तुमची पद्धत वाईट किंवा पाय संपले, दोन्ही शक्य आहे. ज्या सामन्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पळालात, तो बघा.

धुळ्याची_ताई

मी विद्यापीठाच्या संघातून खेळलेय, आता शाळेतल्या मुलींना शिकवते. दादा, तुम्ही जे "वेगळा विषय" म्हणून शेवटच्या ओळीत ढकललंत ना, मला तोच विषय वाटतोय. मला फक्त दोन गोष्टी सांगा. जिंकलात त्या दिवशी किती जण आले होते? आणि तो उंच गडी पाचपैकी किती सामने खेळला?

मध्यरेषा

आधी दादांचं उत्तर. ३८-६१ च्या सामन्याचा व्हिडिओ मिळाला. पळताना घालवलेले बॉल पहिल्या हाफला ६, दुसऱ्याला १५. पद्धत तीच.

आता ताईंचं. जिंकलो त्या दिवशी दहा जण होते, सुट्टीचा दिवस होता. ३८-६१ ला सात. गेल्या रविवारीही सात, त्यातले दोघं पाच फाउल होऊन बाहेर, म्हणजे शेवटची सहा मिनिटं बेंचवर फक्त पाण्याचा जार.

उंच गडी पाचपैकी दोनच सामने खेळलाय. तो सावद्याकडचा. केळीची कापणी लागली की रात्री गाडी भरायला जातो, पहाटे घरी पोचतो. त्याला काय बोलणार? दोघं बारावीचे, परीक्षा संपली तर आता सीईटी. एक दीपनगरला शिफ्टमध्ये. ताई, हे लिहिताना माझंच मला कळलं. सरांची सगळी पद्धत ज्या पोरावर उभी आहे तोच सगळ्यात कमी येतो, आणि माझ्या पद्धतीला जे दहा जण लागतात ते एकदाच जमले.

धुळ्याची_ताई

झालं तर मग. वहीतल्या बाराची पद्धत शोधू नका, येणाऱ्या सातांची शोधा.

बचावाला २-३ झोन ठेवा. सर म्हणतात म्हणून नाही, पाय वाचतात आणि फाउल कमी होतात म्हणून. पण झोनची दोन दुखणी आधीच समजून घ्या. फ्री थ्रो रेषेच्या मधोमध भोक पडतं, तिथं समोरच्याला बॉल मिळाला की पाचही जण फसतात. मागच्या मधल्या गड्यानं वर यायचं की पुढच्या दोघांतल्या एकानं मागे सरायचं, हे एकदाच ठरवा. दुसरं, रिबाउंडला कोणी कोणाचा नसतो. शॉट सुटला की बॉलकडे बघायचं नाही, जवळचा माणूस शोधून त्याला पाठीनं अडवून धरायचं. माझ्या मुली महिनाभर हेच करत होत्या, वैतागल्या होत्या.

आक्रमणात पळणं बंद करू नका, त्याला अट घाला. रिबाउंड आपला, कडेला पहिला पास नीट पोचला आणि पुढे आपले त्यांच्यापेक्षा जास्त दिसतायत, तरच पळायचं. नाही तर थांबायचं. हे पॉइंट गार्ड ठरवेल, बाहेरून कोणीही "पय रे, पय" ओरडणार नाही. तुम्हीसुद्धा.

सात जण येतील त्या सकाळी तीन-तीन खेळवा, सातवा वही धरेल. ३x३ च्या नियमानं: अर्धं कोर्ट, १२ सेकंदांत शॉट, १० मिनिटं किंवा २१ पॉइंट. बॉल लवकर सोडायची सवय लागते आणि तुमची सरळ रिंग पुरते.

जुना_शिट्टीवाला

ताईंच्या बाकी सगळ्याला दुजोरा, झोनला नाही. १७-१८ च्या पोरांना झोनमध्ये उभं केलं की ती माणूस धरायला शिकतच नाहीत. आज पाच पॉइंट वाचतील, पण पुढे कुठल्या चांगल्या संघात गेली तर तिथं उघडी पडतील. मी असतो तर अर्ध्या मैदानावर मॅन टू मॅन (ज्यानं त्यानं आपला माणूस धरायचा) खेळवलं असतं, हरलो तरी.

धुळ्याची_ताई

तुम्ही शिट्टी वाजवायचात दादा, बेंचवर दोनच बदली घेऊन बसला नाहीत कधी. सरावात मॅन टू मॅन, सामन्यात झोन, असं मी करते. तुम्हाला पटणार नाही, माहितेय.

केळीपट्टा

सावद्याच्या त्या पोराला माझा रामराम सांगा. मीही त्याच गाड्या भरून कबड्डी खेळलोय. त्याला पहाटेच्या सरावाला बोलवूच नका, झोपू द्या. थेट सामन्याला बोलवा, आणि रिंगखाली नाही, फ्री थ्रो रेषेपाशी उभा करा. तिथून पास द्यायला पळावं लागत नाही. मला बास्केटबॉलमधलं फार कळत नाही, पण दमलेला माणूस कळतो.

मध्यरेषा

सगळ्यांचे आभार. काल सरांच्या घरी गेलो, वही घेऊन. सरांनी चष्मा लावून २७ चा आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "आमच्या वेळी एवढे बॉल घालवले असते तर परत घरी चालत पाठवलं असतं." झोनचं ऐकून खूश झाले, "हे मी दिवाळीलाच सांगितलं होतं." उंच गड्याला रिंगपासून लांब उभं करायचं ऐकल्यावर मात्र चहा थंड होईपर्यंत गप्प. शेवटी एका अटीवर कबूल झाले: टाइमआउटमध्ये एकच जण बोलेल, आणि ते स्वतः. मी हो म्हटलं. कठीण जाणार आहे.

दादा, तुमचं मॅन टू मॅन सरावात घेतोय, मंगळवार-गुरुवार. सामन्यात सध्या झोनच.

एक प्रश्न उरलाय. शनिवारी रात्री फोकसमध्ये सामना आहे, समोरच्या संघात दोन पोरं लांबून बऱ्यापैकी शॉट मारतात. झोनमध्ये कोपऱ्यातल्या शूटरवर पुढचा गार्ड धावेल की मागच्या ओळीतला? सर म्हणतात मागचा, पॉइंट गार्ड म्हणतो पुढचा, आणि मला या वेळी मध्ये बोलायचं नाहीये. ताई, शुक्रवारपर्यंत सांगाल का?