मदत हवी आहे: पावसाळ्यानंतर बोटीचा वेग ५ नॉटने पडला, तळाला हूक (मागच्या भागात आत दबलेला खळगा) आलाय का?

मंडळी, देवबागला माझी १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. मे महिन्यापर्यंत चार माणसं घेऊन २६ नॉट मिळायचे. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात उतरवली, तर २१च्या पुढे काटा हलत नाही. आरपीएम ५६००वरून ५१००वर आलेत.

मेकॅनिकने प्लग, फिल्टर, कॉम्प्रेशन सगळं पाहिलं, इंजिन ठणठणीत. पाण्यातला पंखा तोच, तळ स्वच्छ. पण ट्रिम (इंजिनाचा कल) कितीही बाहेर काढला तरी नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलत नाही, पंखा हवा धरून नुसता गरगरतो. पाणी पूर्वी मधल्या बाकड्याच्या मागे फुटायचं, आता पुढच्याच बाकड्याशी फुटतं. पर्यटक भिजतात, त्यांना गंमत वाटते. मला पेट्रोल दिसतं. वेगात बोट डावीकडे कलते तेही नवीनच.

काल वाळूत आडवा होऊन तळाला गवंड्याची सहा फुटी पट्टी लावली, मागच्या कडेपासून पुढे. उजवीकडे मधोमध दोन सूत (पाव इंच) फट, डावीकडे जेमतेम अर्धा सूत. पावसाळाभर बोट दोन ओंडक्यांवर होती. मागचा ओंडका इंजिन बसवलेल्या मागच्या फळीपासून दोन फूट आत, आणि इंजिन उतरवलंच नव्हतं. चूक माझीच.

एवढ्याने ५ नॉट जातात? एक जण म्हणतो, खाली आलेली कड ग्राइंडरने उडव. दुसरा म्हणतो, खोल व्ही तळाची बोट घे. ती लाटेवर कमी आपटते हे मान्य, पण तेवढ्याच वेगाला ताकद जास्त मागते. ६०च्या इंजिनावर काय घेऊ?

प्रतिसाद १
दादा, आधी ग्राइंडर लांब ठेवा. कड घासलीत तर तिथलं फायबर पातळ होईल.

दोन सूत भरपूर झाले. वेगात बोट तळाच्या शेवटच्या चार-पाच फुटांवरच चालते, तो भाग पट्टीसारखा सरळ हवा. तुमचा ओंडक्यावर आत दबलाय आणि इंजिनाच्या वजनाने कड खाली झुकलीय. ती कड मागचा भाग वर ढकलते, म्हणून नाळ खाली. जास्त तळ पाण्याला घासतो, वेग जातो. उजवीकडे हूक मोठा, तिथे उचल जास्त, म्हणून बोट डावीकडे कलते.

इंजिन उतरवा, तळाला पूर्ण लांबीचा आधार द्या. आठवडाभराने पुन्हा पट्टी लावा, थोडं मागे येऊ शकतं. उरलेला खळगा इपॉक्सी आणि ग्लास फायबरच्या थरांनी भरून लांब फळीवर कागद लावून घासा. गाडीची पुट्टी नको, पाणी पिते. मागची कड धारदारच ठेवा. गोल झाली तर पाणी सुटत नाही, चिकटून राहतं. भरण्याआधी तळ नाण्याने ठोकून बघा, आतले थर सुटलेत का ते आवाजावरून कळेल.

धागाकर्ता
आत्ताच ठोकून आलो. डावीकडे टणटण, उजवीकडे ओंडक्याच्या जागी हातभर पट्ट्यात भद्द आवाज येतो. म्हणजे तळाला आतून बळकटी देणारा लांबट पट्टाही सुटलाय का? तो डेक न कापता धरता येईल?